कोरड्या डोळ्यांची दाई

एका राज्यात रडण्यालाही मान होता. राजघराण्यावर दुःख कोसळलं की वाड्याच्या दारात तांब्याचं भलंमोठं घंगाळ मांडत. रयतेने ओळीने यावं, ओणवं होऊन त्यात आसवं गाळावीत आणि पहारेकऱ्याने कपाळी पांढरा टिळा लावावा. टिळा असेल तो सज्जन. नसेल त्याच्याकडे लोक तिरप्या नजरेने बघत. सांजेला घंगाळ चौकातल्या तळ्यात रितं करत. आहे की नाही शहाण्यांचं राज्य?

तिथला राजा दमघोष. त्याचा धाकटा राजपुत्र इंदुशेखर एका सकाळी नाहीसा झाला. शोधायला कोण गेलं म्हणता? आधी घंगाळ मांडलं. राजा रडला, प्रधान रडले, पेठ रडली. बाजारात कांदा मिळेना, यावरून काय ते समजा.

एकटी दाई गोदावंती रडली नाही. राजपुत्राला तिनेच लहानाचा मोठा केला होता. ती रानात शिरली, विहिरींत उतरली, तळ्यात बुड्या मारून आली. ओलीचिंब, चिखलाने माखलेली, कपाळ कोरं, अशी ती दारात आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "हिच्या डोळ्यांत पाणी कसं नाही?" दुसरं म्हणालं, "आणि लुगडं कसं ओलं?" झालं. चौकाच्या पलीकडच्या टोकाला बातमी पोचली तोवर दाईने राजपुत्राचा जीव घेतला होता. लोकांनी तिला धरून खांबाला बांधलं.

दाईची मुलगी केतकी राजापुढे उभी राहिली.

"महाराज, माझी आई निर्दोष आहे."

"असेल. पण लोक म्हणतात, मावळतीला तिला धोंडा बांधून तळ्यात सोडा. इतक्या लोकांना मी नाही कसं म्हणू, मुली?"

"मग मावळतीपर्यंत मला मोकळीक द्या."

"दिली."

राजाला वाटलं, पोर रडून घरी जाईल. पोर कसली जाते!

तळ्याकाठच्या वडावर भारद्वाज बसला होता. त्या राज्यात पक्षी बोलत, आणि माणसांपेक्षा मोजकं बोलत.

"राजपुत्र जिवंत आहे," भारद्वाज म्हणाला. "या तळ्यात मांत्रिकाचं सोन्याचं कमळ आहे, शापाचं. पोराने त्याला हात लावला आणि ते त्याला घेऊन तळाशी गेलं. तिथे तो निजला आहे. दाखवायच्या आसवांनी पाणी रोज चढतं, म्हणून तुझ्या आईचा हात पोचला नाही."

"काय करू ते सांग."

"तीन गोष्टी आण. डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष. कोणाला न दाखवलेली आसवं. आणि या चौकाची शांतता."

केतकीने पदर खोचला. हलवायाला विचारलं, तुम्ही पाहिलं? तो म्हणाला, कासाराने सांगितलं. कासार म्हणाला, फुलवालीने सांगितलं. फुलवाली म्हणाली, "अगं बाई, हलवाईच तर सांगत होता." साऱ्या पेठेत तीच गत. केतकी रिकाम्या हाताने परतली.

"डोळ्यांनी कोणीच पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

"हीच साक्ष. जपून ठेव," भारद्वाज म्हणाला.

आता न दाखवलेली आसवं कुठून आणावीत? ज्याच्या त्याच्या कपाळावर टिळा. केतकी घरी आली, उंबऱ्यावर बसली. खरं सांगायचं तर तिच्याही मनाला एक काटा टोचत होता. आई रडली का नाही? मग तिची नजर धान्याच्या कणगीमागे गेली. तिथे एक कुंची खोचून ठेवली होती, राजपुत्र तान्हा असतानाची. उचलली तर भिजून जड झालेली, कडेला मिठाचा पांढरा थर. केतकीने ती छातीशी धरली. "चुकले गं, आई," ती म्हणाली आणि तशीच पळत सुटली.

सूर्य टेकला होता. दाईच्या गळ्यात धोंडा बांधून तिला पायरीवर आणलं होतं. चौकात इतका गलका की वडाची पानं हलत होती. काठावर रितं करून पालथं घातलेल्या घंगाळावर केतकी चढली.

"मी कोणाला अडवत नाही," ती म्हणाली. "माझ्या आईला पाप करताना ज्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं, त्याने पुढे यावं आणि धोंडा त्याने ढकलावा."

हलवायाने कासाराकडे पाहिलं. कासाराने फुलवालीकडे पाहिलं. फुलवालीने खाली पाहिलं. गलका आधी पुढे विरला, मग मागे, आणि त्या चौकात पहिल्यांदाच कोणी काही बोलेना.

केतकीने कुंची तळ्यात सोडली. पाणी एक पायरी उतरलं, मग दुसरी, मग उतरतच गेलं.

"आई, हाक मार. आता त्याला ऐकू जाईल."

गोदावंतीने रोज सकाळी मारायची तीच हाक मारली. "ऊठ रे राजा, उन्हं वर आली."

चिखलात निजलेला पोरगा कुशीवर वळला, डोळे चोळत उठून बसला. त्याच्या मुठीतलं कमळ माती होऊन गळून पडलं. तो पायऱ्या चढून दाईला बिलगला आणि म्हणाला, "दाईआई, भूक लागली."

तेव्हा गोदावंती रडली. पोराला पोटाशी घेऊन हुंदके देत रडली. पहारेकरी सवयीने टिळ्याची वाटी घेऊन पुढे झाला. राजाने त्याचा हात धरला. मग राजाने स्वतःच्या कपाळावरचा टिळा पुसला, तिच्या गळ्यातला धोंडा आपल्या हाताने सोडला आणि तिच्याकडे पाठ फिरवून उभा राहिला. त्याचं पाहून प्रधान वळले, पेठ वळली, अख्खा चौक पाठमोरा झाला.

ते घंगाळ आता गुरांना पाणी पाजायला वेशीवर ठेवलं आहे. त्या राज्यात आजही कोणी नाहीसं झालं की लोक आधी शोधायला निघतात. आणि कोणाला रडू आलं, तर शेजारचा माणूस हळूच तोंड फिरवतो.