सुतकी बाईचे केस

एक होता राजा, आणि त्याला मरायचं नव्हतं.

चीन देशाचा राजा. आसपासचे सगळे राजे मारून त्यानं त्यांची राज्यं घशात घातली होती. दुसऱ्यांना मारताना त्याला कधी काही वाटलं नाही, बरं का. पण एक दिवस आरशात स्वतःच्या दाढीत पांढरा केस दिसला, आणि हा शूरवीर लटपटला.

मग वैद्य आले. एकानं मोत्यांचं भस्म दिलं, राजाचं पोट बिघडलं. दुसऱ्यानं पारा पाजला, राजाचे दात हलायला लागले. तिसरा आला चाओ वैद्य. हा हुशार! यानं औषध दिलंच नाही. म्हणाला, "महाराज, पूर्वेच्या समुद्रात एक बेट आहे. तिथं अमरवेल उगवते. ती आणतो. पण तिथले देव रिकाम्या हातांनी आलेल्याला उभं करत नाहीत. मला गलबतं द्या, धान्याचं बियाणं द्या, सुतार द्या, कुंभार द्या, आणि गावोगावची धडधाकट पोरं-पोरी द्या."

वेल खुडून आणायला कुंभार कशाला, हे राजानं विचारलं नाही. भ्यालेला माणूस विचारत नसतो. अहो, चाओला परत यायचंच नव्हतं! त्याला लांब कुठंतरी स्वतःचं राज्य थाटायचं होतं.

मग शिपाई गावोगाव फिरले. एका गावात लान नावाची विधवा होती. रेशीम विणायची, आणि जीभ तर सुरीसारखी. तिला एकच लेक, मेई. शिपायानं मेईचा दंड धरला आणि म्हणाला, "रडतेस काय बाई? राजाचं काम आहे. मान आहे हा."

"एवढा मान असेल तर तुझी लेक ने की!" लान म्हणाली.

शिपायानं तिच्या तोंडात मारली. लान गप्प बसली, पण घरी बसली नाही. पोरांच्या तांड्यामागून चालत चालत थेट बंदरावर गेली.

तिथं गलबतं तयार होती, आणि एका गोष्टीवाचून सगळं अडलं होतं. आता नीट ऐका. घरात कुणी गेलं की आपण सुतक पाळतो ना? तसं त्या काळी गलबतावर एक माणूस सुतक पाळायचं, कुणी मेलेलं नसतानाच. त्याला म्हणायचे सुतकी. सुतक्यानं अंघोळ करायची नाही, केस विंचरायचे नाहीत, उवा मारायच्या नाहीत, मासमटण खायचं नाही, हसायचं नाही. त्याला कुणी शिवायचं नाही. गलबत सुखरूप पोचलं तर त्याला रेशमाचे तागे आणि मानाची जागा. वाटेत वाईट घडलं तर त्यानंच सुतक मोडलं असं धरायचं, आणि द्यायचं समुद्रात ढकलून.

मेईच्या गलबतावर सुतकी बसायला कुणी तयार होईना. लान पुढं झाली.

"मी बसते," म्हणाली. "पण याच गलबतावर."

तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य, हसला. "बाई, जीव जाईल."

"तुझा तर जात नाही ना? मग शीड उभार."

अशी लान लेकीबरोबर निघाली. पण कसली बरोबर! ती बसायची गलबताच्या टोकाला, वाऱ्यात. मेई मधे, पोरींच्या घोळक्यात. दोघींनी एकमेकींकडे नुसतं बघायचं. लानच्या केसांच्या जटा झाल्या. अंगाला वास मारायला लागला. पोरी नाकाला पदर लावायच्या, आणि मेई खाली मान घालायची.

मग आलं वादळ. शीड फाटलं. लोक ओरडले, "सुतकीला ढकला!"

लान जागची हलली नाही. "ढकला. पण उद्या दुसरं वादळ आलं तर इथं बसणार कोण? तू बसतोस, तांडेला? की तू, सुतारा?"

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कोण बसणार? तोवर वादळ ओसरलं.

मग आली हगवण. माणसं पटापट आडवी झाली. पुन्हा तीच ओरड, आणि लाननं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सगळ्यांच्या माना खाली. हगवण आली तशी गेली.

मग वारा पडला. शीड मेल्यासारखं लोंबायला लागलं. गोडं पाणी तळाला गेलं. भर दुपारी सगळे सावलीला निपचित पडले होते. मेईला आईकडे बघवेना. ती सरपटत टोकाला गेली. कमरेची लाकडी फणी काढली आणि आईच्या जटा सोडवायला बसली.

लाननं तिला हाकलायला हवं होतं. ठाऊक होतं तिला. पण बाळांनो, किती दिसांनी तिच्या डोक्याला कुणाचा हात लागला होता! ती म्हणाली, "थोडंच हं." आणि डोळे मिटले. मेई विंचरत राहिली. गळलेले केस पाण्यात पडत राहिले. आणि लान चक्क हसली.

तांडेलानं ते विंचरलेले केस पाहिले आणि बोंब मारली. "कुणी विंचरले?"

मेईच्या हातात फणी होती. लाननं ती हिसकली आणि आपल्या केसांत खोवली. "कुणी म्हणजे? मीच. डोकं माझं आहे. या पोरीनं मला धरलं म्हणून थांबले, नाहीतर अंघोळही केली असती."

या वेळी तिनं कुणाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर लोकांनी नीट बघितलं असतं, आणि मेईच्या बोटांत अडकलेले केस दिसले असते.

ढकलली तिला.

आणि वारा सुटला.

अरे, सुटणारच होता! वारा काय कायमचा पडून राहतो? पण लोक म्हणाले, "बघा, सुतकीच नडली होती." आणि सगळ्यांत वाईट काय सांगू? मेईनंही तेच मानलं. आई उगीचच गेली, असं मानून पोरीला जगता आलं नसतं.

मग बेट लागलं. रिकामं नव्हतं बरं का. तिथं आधीपासून माणसं होती, शिंपल्यांच्या माळा घालणारी. त्यांनी यांना ठेवून घेतलं. पण पहिल्या वर्षी भात उगवेना. उपाशी मरायची वेळ आली. मग एका सकाळी किनाऱ्याला काळं, लांब, मऊ शेवाळ लागलं. ढीगच्या ढीग. लोकांनी ते वाळवलं, खाल्लं, जगले. ते शेवाळ कसलं होतं, हे मेईनं ओळखलं. तिनं ते बोटांनी विंचरलं आणि मगच खाल्लं.

मग भात पिकला. आलेल्यांची आणि तिथल्यांची लग्नं झाली, पोरं झाली. जपानी माणसं यांतूनच झाली म्हणतात. खरंखोटं बघायला मी नव्हते.

चीनचा राजा वेलीची वाट बघत मेला. बेटावर चाओ राजा झाला, म्हातारा झाला. एक दिवस त्याला दाढीत पांढरा केस दिसला. आणि काय सांगू, स्वतःचीच थाप त्याला खरी वाटायला लागली! म्हणाला, "आणखी पूर्वेला एक बेट असेल. अमरवेल आणा."

गलबत तयार झालं. त्याचा तांडेल होता मेईचा मुलगा. सुतकी बसायला कुणी तयार होईना. मग लोकांनी एका विधवेला धरून आणलं. तिची छोटी पोर पदर धरून रडत होती. सगळे मेईकडे बघायला लागले. मेई आता मोठी बाई, तिचा शब्द चालायचा. ती नको म्हणाली असती तर ती चाल तिथंच मोडली असती.

मेईनं त्या पोरीकडे बघितलं. मग आपल्या मुलाकडे बघितलं.

"बसवा," ती म्हणाली. "आणि हिच्या पोरीला गलबतावर चढू देऊ नका. पोरी केस विंचरतात."

गलबत गेलं. दुसऱ्या दिवशी मेई किनाऱ्यावर टोपली घेऊन गेली. नुसती वाळू. त्या किनाऱ्याला पुन्हा शेवाळ लागलं नाही.

बाकी सगळे भात खाऊन सुखात राहिले. त्या विधवेचं काय झालं ते विचारू नका. इकडे डोकं आणा एकेकीचं, गुंता सोडवते. आणि मग निजा.