झाडून काढलेला वर्ग

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठी, एक खार राहत असे आणि तिला शिक्षिका व्हायचे होते. मुलांनो, खारीने शिक्षिका व्हायचे म्हणजे काय थट्टा आहे? जागेवर दोन क्षण उभे राहणे जमले तर ना! पण खार जिद्दीची. जंगलातल्या अध्यापक विद्यालयात तिने वर्षभर घासून अभ्यास केला आणि उंबराखालच्या वर्गावर नऊ सराव पाठ घेतले. आता दहावा, शेवटचा पाठ तेवढा उरला होता. तो पाहायला स्वतः म्हातारे कासवगुरुजी येणार होते. पास झाली, तर तो वर्ग कायमचा तिचा. नापास झाली, तर आणखी वर्षभर दुसऱ्यांच्या पाठांना मागे बसून मान डोलवायची.

पाठाचा विषय होता पर्यावरण. खारीने टाचण काढले, तीनदा खोडले आणि चौथ्यांदा सुवाच्य अक्षरात लिहिले : 'पर्यावरणाची समस्या म्हणजे कचरा. कचरा दिसला की काढून टाकावा. समस्या संपली.' इतके सोपे उत्तर सापडल्यावर तिने आनंदाने तीन कोलांट्या मारल्या. मग तिच्या मनात आले, नुसते बोलून काय होते? आधी करून दाखवावे. म्हणून पाठाच्या आदल्या दुपारी, वर्गातली मुले आपापल्या घरी झोपलेली असताना, तिने शेपटीने उंबराखालची जमीन झाडायला घेतली. सुकी पाने, काटक्या, सालपटे, सडलेली उंबरे, सगळे सगळे तिने ओढ्यात लोटून दिले. जमीन लख्ख झाली. तिच्या झुबकेदार शेपटीचा पार खराटा झाला, पण आनंदाच्या भरात तिला त्याचे काही वाटले नाही.

सकाळी दंव ओले असतानाच कासवगुरुजी डुलत डुलत आले आणि वही उघडून बसले. "सुरू कर, पोरी," ते म्हणाले. खारीने घसा खाकरला, टाचण उघडले आणि समोर पाहिले. वर्गात कोणीच नव्हते. गोगलगाय उशिरा येते हे सगळ्यांना ठाऊक होते; पण गांडूळ, भुंगेरा, बेडकाचे पिल्लू? ती तर शाळा भरायच्या आधीच येऊन दंगा करत. खारीने हजेरी घेतली. एकाचेही "हजर" ऐकू आले नाही.

"कुठं राहतात तुझी मुलं?" गुरुजींनी विचारले.

खार पुटपुटली, "गुरुजी, मी... मी त्यांना कधी विचारलंच नाही." एवढे बोलताना तिची नजर त्या लख्ख जमिनीवर गेली. उंबराखाली पानांशिवाय दुसरे होते काय? मुले राहणार कुठे? टाचण तिथेच टाकून ती ओढ्याच्या काठाने धूम पळत सुटली. डोळ्यांतले पाणी पुसायलाही थांबली नाही.

ओढ्याच्या वळणावर दोन दगडांमध्ये पानांचा मोठा ढीग अडकला होता आणि त्या ढिगातून चक्क खिदळण्याचा आवाज येत होता!

"बाई आल्या! बाई आल्या!" बेडकाचे पिल्लू ओरडले.

"बाई, आम्ही झोपेतच सहलीला निघालो!" गोगलगाईचे डोळे आनंदाने लांब झाले होते. "आणि मी भुंगेऱ्याच्याही पुढं होते, माहितीये? जन्मात पहिल्यांदा!"

खार एकदम रडू आणि हसू लागली. "बाळांनो, तुमची घरं मीच झाडून टाकली रे! मला वाटलं, तो कचरा आहे."

"कचरा?" गांडुळाला नवल वाटले. "बाई, पानं तर मी खातो. मग त्यांची माती होते आणि त्या मातीवर उंबर वाढतो."

"आणि झाडाची उंबरं तुम्ही खाता," भुंगेरा म्हणाला. "काल माझ्याच छपरावर बसून खात होतात की!"

आणि काय सांगू, मुलांनो, खार जागेवर उभी राहिली. चांगले दोन-चार क्षण!

मग सगळे कामाला लागले. खार तोंडात मावतील तितकी पाने घेऊन पळू लागली. मागून येऊन हे सगळे पाहणाऱ्या कासवगुरुजींच्या पाठीवरही ढीग चढला आणि ढिगावर मुले चढून बसली. "गुरुजी, जरा भरभर चला की!" गोगलगाय वरून ओरडली, तेव्हा गुरुजी इतके हसले, की निम्मी पाने खाली पडली. दुपारपर्यंत उंबराखाली पुन्हा मऊ, ओलसर पानांचा थर झाला आणि मुले हुश्श करून आपापल्या घरात शिरली.

खारीने मान खाली घालून टाचण उचलले. "गुरुजी, माझा पाठ झालाच नाही. मी नापास ना?"

"झाला की," गुरुजी म्हणाले. "आज मुलांनी शिकवलं आणि तू उभी राहून ऐकलंस. मागच्या नऊ पाठांत तू एकदाही जागेवर उभी राहिली नव्हतीस म्हणे." असे म्हणून त्यांनी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले : 'उत्तीर्ण'.

खारीने या वेळी किती कोलांट्या मारल्या ते कोणी मोजले नाही. पण तेवढ्यातही तिने एक काळजी घेतली. उंबराच्या फांदीवर चढून मारल्या, कोणाच्या छपरावर नव्हे.

तात्पर्य : आपल्याला जे कचरा वाटते, ते कोणाचे तरी घर असू शकते, म्हणून परिसर सुधारायला निघण्याआधी तिथे कोण राहते, ते विचारावे.