झुपकीचे टाको

रानात अजून पंगती बसत होत्या आणि आग्रह झाल्याशिवाय कुणी दुसरी भाकरी घेत नसे, त्या काळातली ही गोष्ट. झुपकी खारीला एका परदेशी चक्रवाकाने टाकोची कल्पना सांगितली. मक्याच्या दुमडलेल्या भाकऱ्या मांडायच्या, शेजारी सारणं ठेवायची आणि ज्याने त्याने आवडीचं भरून घ्यायचं. यजमानाने मधे पडायचं नाही. ऐकल्यापासून आनंदाने झुपकीची शेपटी जमिनीला टेकेना.

तिने उसळ, भाजलेले दाणे, चिंचेची चटणी असं सगळं द्रोणांत मांडलं. पाहुणे आले, त्यांनी तोंडभर कौतुक केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

“घ्या ना, साळिंदरभाऊजी. आपलं आपण भरायचं.”

“नको वहिनी, घरून जेवूनच निघालो,” साळिंदर म्हणाला. त्याच्या पोटातली गुरगुर सगळ्यांनी ऐकली.

“मला तर पाणीसुद्धा नको,” घोरपडमावशी म्हणाल्या आणि दाण्यांकडे दोन पावलं सरकल्या.

भाकऱ्या कडक होऊ लागल्या. एवढ्या हौसेची मेजवानी वाया जाणार आणि वर्षभर रान हसणार, या विचाराने झुपकी हिरमुसली. ती द्रोणांवर पानं झाकू लागली. “राहू दे मग. मुंग्यांना घालीन.”

पहिला द्रोण झाकून होईपर्यंत साळिंदराने दोन टाको भरले होते आणि मावशी चटणीत कोपरापर्यंत बुडाल्या होत्या. रेटारेटीत एक ससा उसळीत बसला. झुपकी हरखून नव्या भाकऱ्या थापायला धावली.

साळिंदर भरल्या तोंडाने म्हणाला, “काय करणार वहिनी, तुमचा आग्रह मोडवत नाही.”