घरपोच टायर

जयवंतशेठच्या टायरच्या दुकानात बोलायचं शेठनं आणि ऐकायचं गिऱ्हाइकानं, अशी रीतच होती. एका पावसाळ्यात तिथे सगुणा ढेबे आली. डोंगरावरच्या वाडीतलं दूध ती स्वतः पिकअप चालवून खाली आणायची. चिखलाच्या चढावर तिची चाकं जागच्या जागी फिरायला लागली होती. गाडी घसरली असती तर दुधाबरोबर जीवही गेला असता.

शेठनं जाड नक्षीचा टायर पुढे ढकलला. "चिखल म्हणू नका, दगड म्हणू नका, हा कुठंही चढतो. बाहेर आमची पिकअप उभी आहे, तिला हेच घातलेत. बायकांना यातलं काय कळणार? डोळे झाकून घ्या."

"घेते की चारही," सगुणा म्हणाली. "पाटीवर घरपोच सेवा लिहिलंय. तेवढे वाडीवर आणून बसवून द्या."

शेठ उसळला. "तुमच्या वाडीवर? या पावसात? अहो बाई, त्या रस्त्यावर आमची गाडी चढायची नाही!"

सगुणानं बाहेरच्या पिकअपकडे शांतपणे पाहिलं.

"मग शेठ, आधी तुमच्याच गाडीला चांगले टायर बघा. ती वाडीवर पोचली, की तसलेच चार मला द्या."