दौलतरावांचं नाव आणि सुगंधाचा हात

एका गावात एक साउंडवाला होता, गेनू नावाचा. माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. वाईट माणसावर रागावून काय उपयोग?

गेनूजवळ एक भला मोठा ॲम्प्लिफायर होता. शेगडीसारखा तापायचा आणि अख्खं मैदान दणाणून सोडायचा. धंदा तो आणि त्याची बायको सुगंधा मिळून करत. बटणांपाशी गेनू, वायरींपाशी सुगंधा. एवढ्या मोठ्या मशिनच्या स्पीकरच्या वायरीतही माणसाला फेकून देण्याइतका जोर असतो, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांचा एक नियम होता. स्पीकर जोडायचा तर आधी ॲम्प्लिफायर बंद. आणि जोडणाऱ्याने हात वर करून 'झालं' अशी खूण केल्याशिवाय बटणाला शिवायचं नाही. बारा वर्षं त्यांनी हा नियम पाळला. बारा वर्षांत कोणाला साधा चटकाही बसला नाही.

एकदा गावात कुस्त्यांचं मैदान भरलं. मैदानाचे पुढारी होते दौलतराव. भर दुपारी ते गेनूपाशी आले. पलीकडच्या लोकांना त्यांचं नाव ऐकू येत नव्हतं म्हणे. पैलवानांची नावंही ऐकू येत नव्हती, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. तिकडे आणखी एक स्पीकर लाव, असा हुकूम सुटला.

गेनूने ॲम्प्लिफायर बंद केला. सुगंधा पलीकडच्या बांबूच्या मचाणावर चढली आणि वायरीची उघडी टोकं नीट पिळून घेऊ लागली. एखादी बारीक तार सुटी राहून दुसरीला टेकली तर ॲम्प्लिफायर जळायचा, म्हणून हे काम घाईने करत नाहीत. त्याला दोन मिनिटं लागतात.

पण दौलतरावांच्या सत्काराची वेळ झाली होती. फेटा बांधणारा येऊन उभा राहिला होता. माईक बंद पाहून ते चारचौघांत गेनूवर खेकसले, "मी हितं उभा हाय आन तुझं मशिन झोपलंय व्हय? चालू कर."

सुगंधाचा हात अजून वर झाला नव्हता. मैदानापलीकडे ती गेनूला स्पष्ट दिसत होती. तिच्या दोन्ही हातांत वायरीची उघडी टोकं होती, तीही दिसत होती. 'दोन मिनिटं थांबा' एवढंच म्हणायचं होतं. जीभ काय झडली होती त्याची? पण पुढाऱ्याला नाही कसं म्हणायचं, पुढच्या वर्षी बोलावलं नाही तर काय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने बटण दाबलं.

निवेदकाने दौलतरावांचं नाव घेतलं. पलीकडच्या स्पीकरमधून ते निघालंच नाही, ते सुगंधाच्या हातांतून गेलं. घामेजलेल्या हातांना असा हिसका बसला की ती मचाणावरून खाली कोसळली. उजवं मनगट मोडलं.

दौलतरावांनी मान वळवून पाहिलं, चुकचुकले, आणि फेटा बांधून घेतला.

दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घालून झालं तेव्हा गेनू रडायला लागला. दौलतराव ओरडले, मी तरी काय करणार होतो, हेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

सुगंधाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, दौलतरावास्नी वायरीतलं काय कळतंय? तुमास्नी कळत हुतं."

हाड जुळलं, पण सुगंधाची मूठ पुन्हा कधी पुरती वळली नाही.

तात्पर्य: अडाण्याच्या आरडाओरड्यापेक्षा जाणत्याची भीड जास्त घात करते. धोका ठाऊक असून जो भिडेपोटी नियम मोडतो, तो स्वतः सुखरूप राहतो आणि त्याच्यावर विसंबलेलं माणूस जायबंदी होतं.