बरणीतला दाणा

गावात घरोघरी लोणचं घालत, त्या काळची गोष्ट. बांधावरचं जुनं वारूळ आतून ढासळू लागलं. दाणे कुठे हलवायचे यावर मुंग्यांची खलबतं सुरू झाली. काहींनी चिंचेची खडबडीत ढोली सुचवली. तेवढ्यात मातीत गळ्यापर्यंत रुतलेली लोणच्याची रिकामी बरणी म्हणाली, "या गं, माझ्यात कितीही मावतं!" तिची चकाकी पाहून साऱ्या भाळल्या.

कोठार सांभाळणारी ठमी मात्र हटून बसली. तिने बरणीत एकच दाणा टाकला. "आता हा वर आणून दाखवा."

तेलकट भिंतीवरून एकेक मुंगी दाण्यासकट घसरली.

बरणी हसली, "अगं, वर आणायचा कशाला? आता कायमचं इथंच राहायचंय ना?"

"वारुळात शिरतानाही आम्ही हेच म्हणालो होतो," ठमी म्हणाली, आणि दुसरा दाणा उचलून ढोलीकडे चालू लागली.