खेमाचे सारवलेले परस

पूर्वी प्रतिष्ठान नगरीत सुरुची राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या एका बुरडाच्या घरी जन्मला होता. सुपे, टोपल्या, कोंबड्या झाकायची डालगी विणून तो पोट भरी.

त्याच आळीत खेमा नावाची विधवा राहत असे. तिच्या अठरा कोंबड्या होत्या. मुंगसाने दोन पिल्ले नेली तेव्हा तिने परसाला कूड घातला आणि आतली भुई ती रोज शेणाने सारवू लागली. असे लखलखीत परस आळीत दुसरे नव्हते, आणि हे ती येताजाता ऐकवीतही असे.

पण महिनाभरात कोंबड्यांत कलागत शिरली. कवडी नावाच्या ठिपक्यांच्या कोंबडीची पाठीवरची पिसे कुणीतरी उपटली, रक्त दिसले, आणि मग सगळ्याच तिथे चोच मारू लागल्या. कवडीला खेमाच्या मुलीने, उत्तराने, तळहातावर दाणे चारून वाढवले होते. उत्तरा आठ दिवसांनी माहेरी यायची होती. उंबरा ओलांडायच्या आधी ती कवडीला हाक मारणार, हे खेमाला पक्के ठाऊक होते. तिच्या जिवाला घोर लागला.

काळी चोच मारताना दिसली, म्हणून तिने काळी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तांबडी मारू लागली, तीही दिली. तिसऱ्या दिवशी तुरेवाली, तीही गेली. तरी मारणे थांबेना. खेमा चूल सोडून परसात धावे, परसातून पुन्हा चुलीकडे. भात करपला, दूध उतू गेले. शेवटी ती कवडीवरच खेकसली, "तुझ्यातच काही खोट असेल. नाहीतर सगळ्या तुझ्याच मागे का लागतात?" कवडी कुडाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. खेमाला स्वतःची लाज वाटली आणि ती तडक बोधिसत्त्वाकडे गेली.

"दादा, पंधरा डालगी विणून द्या. एकेकीला कोंडूनच टाकते."

एवढे काम दोन महिन्यांत आले नव्हते. ते ऐकून त्याच्या बायकोने लगेच बांबू काढायला घेतले. बोधिसत्त्व म्हणाला, "आधी परस बघतो."

तो कुडाला टेकून बसला आणि बसूनच राहिला. खेमाला धीर निघेना. "माप घ्यायला इतका वेळ लागतो का?"

"खेमाबाई, त्यांच्या पायांकडे बघा."

एक कोंबडी सारवलेल्या भुईवर नख ओढत होती. नुसती खरखर होई, वर काहीच येत नसे. मग ती मान वळवून शेजारणीच्या पाठीकडे पाही.

"तुम्ही घातलेले दाणे घटकाभरात संपतात. उरलेला दिवस त्यांनी चोचीचं काय करायचं? उकरायला माती नाही, म्हणून त्या एकमेकींना उकरतात. डालगं एकच लागेल, कवडीची जखम भरेपर्यंत. जखमेवर निंबाचं तेल आणि काजळी लावा, म्हणजे लाल दिसणार नाही. आणि ही भुई खणा."

"माझं सारवण?"

"तेच."

खेमाने कवडीला तेल-काजळी लावून डालग्याखाली ठेवले. मग तिने स्वतः कुदळ घेतली. आळीतल्या बायका कुडावरून बघून हसल्या. तिने पाचोळा आणि तूस पसरून त्यात दाणे विखुरले, पाल्याची जुडी उंच टांगली. दोन दिवस काहीच फरक दिसेना, आणि ती पुन्हा पुन्हा कुडापाशी जाऊन उभी राही. तिसऱ्या दिवशी सगळ्या माना खाली गेल्या, आणि खालीच राहिल्या. खेमाने काळी, तांबडी आणि तुरेवाली परत मागून आणल्या, आणि जखम सुकताच कवडीलाही मोकळे सोडले.

उत्तरा आली. "आई, परसाचं हे काय केलंस?" म्हणाली, आणि मग घाबरून, "कवडी?" काजळीने माखलेली एक कोंबडी पाचोळ्यातून धावत आली आणि तिच्या तळहातात चोच घालून उभी राहिली. खेमा उंबऱ्यावर बसून रडली.

पावसाळ्यात वर्षावासासाठी एका विहारात कोंडलेले भिक्षू म्हातारपणी प्रव्रज्या घेऊन भिक्षू झालेल्या सोमिलाची एक चूक रोज उगाळू लागले होते, तेव्हा त्यांच्या गुरूने, शास्त्याने, ही कथा सांगितली. तो म्हणाला, "ती कवडी म्हणजे आजचा हा सोमिल. खेमा म्हणजे विहार चकचकीत ठेवणारे तुमचे व्यवस्थापक भिक्षू, आणि बुरूड मीच होतो. बाकीच्या कोंबड्या कोण, ते मी सांगत नाही."

सभेत कुणी मान वर केली नाही.

"अपराधी शोधायला डोळे पुरतात," शास्ता म्हणाला. "कारण शोधायला प्रज्ञा लागते. त्या जन्मी मी तीच जोपासली."